कोरिनचं पाणी

त्या शनिवारी सकाळी कोरिन लांब दांड्याची जाळी घेऊन मागच्या अंगणात आली, तेव्हा ऊन अजून कुंपणापलीकडेच होतं. पाण्यावर निलगिरीची पाचसहा पानं आणि एक मेलेली मधमाशी तरंगत होती. एवढंच. तिनं ती अलगद काढली, गाळणीची टोपली रिकामी केली आणि दांड्यावर हनुवटी टेकून जरा वेळ नुसती बघत राहिली. तळाची एकेक फरशी मोजून घ्यावी इतकं पाणी नितळ होतं. आणि ते तिनं केलं होतं.

अ‍ॅडलेडच्या अगदी टोकाला हे घर त्यांनी घेतलं, तेव्हा ते दोन वर्षं बंद होतं. मागच्या पोहण्याच्या तलावात शेवाळ माजलेलं. पाण्यात हात घातला तर मनगटापुढचं दिसायचं नाही. सासू ग्लेनिस नाकाला रुमाल लावून काठावर उभी राहिली होती.

"माती टाका नि बुजवून घ्या," ती म्हणाली होती. "हे तुझ्याच्यानं व्हायचं नाही, पोरी."

त्या एका वाक्यावर कोरिननं सहा आठवडे काढले. भिंती ब्रशनं घासल्या. पंप रात्रंदिवस चालू ठेवला. वाळूची गाळणी उलटं पाणी सोडून इतक्यांदा धुतली की शेवटी मोजायचं सोडून दिलं. दर शुक्रवारी बाटलीत पाणी भरून दुकानात तपासायला नेलं, सांगतील ती पावडर आणून टाकली. पाणी हिरव्याचं दुधाळ झालं, दुधाळाचं निळं झालं. मग ती काठाकडे वळली. जेवायचा मांडव, टेबल, मांस भाजायची शेगडी, सगळं तलावाच्याच कुंपणात होतं. शेगडीवरची जुनी चरबी खरवडली, फरशी जोराच्या फवाऱ्यानं धुतली, खुर्च्या उलट्या करून खालचे लाल पाठीचे विषारी कोळी झाडून काढले. हात सोलले. पण ते हात तिनं नवऱ्याला, ड्रूला, कौतुकानं दाखवले.

आज त्याच ग्लेनिसचा साठावा वाढदिवस होता आणि तो याच काठावर होणार होता.

कोरिनच्या जिवाला घोर एकच, टिल्डा. तिची तीन वर्षांची पोर, पाण्याची वेडी, पोहायला येत नाही. म्हणून फाटकाची काळजी ती स्वतः घ्यायची. कुंपणाचं फाटक बाहेरच्या बाजूला उघडतं, सोडलं की आपोआप मिटतं, आणि खिटी उंचावर, पोरांचा हात पुरत नाही. तसा कायदाच आहे. पण इतरांची फाटकं धाडकन आपटतात. हिचं मात्र हळू यायचं, शेवटच्या वीतभर अंतरात थांबल्यासारखं व्हायचं आणि मग अलगद... टक. जसं कुणी हातानं धरून लावावं.

"बिजागरीचा स्क्रू मी बसवलाय," ती सगळ्यांना सांगायची. तिला तसंच वाटत होतं.

दुपारी बारापर्यंत पारा एक्केचाळीसवर गेला. वीसेक माणसं आली. शेगडीवर सॉसेज आणि कोळंबी चुरचुरू लागली. टिल्डा जेवून घरात झोपली होती. कोरिन, ड्रू आणि नणंदा भरली ताटं घेऊन स्वयंपाकघरातून येत-जात होते, आणि दर खेपेला कुणाला तरी उठून फाटक उघडावं लागत होतं.

"अगं, उघडं राहील असं काहीतरी लाव त्याला," ग्लेनिस खुर्चीतून म्हणाली. "साठ वर्षांची झाले, द्वारपाल नाही झाले अजून."

"नको. ते उघडं ठेवायचं नसतं."

"सगळे ठेवतात. इथे वीस माणसं डोळे उघडे ठेवून बसलीत. आणि पोर झोपलीय ना?"

कोरिन अडली. खरं तर तिलाही वाटत होतं की आज सगळं उघडं असावं, घरातून बाहेर आलेल्या प्रत्येकाला आधी तिचं पाणी दिसावं. तिनं ड्रूला हाक मारली. दोघांनी बिअर आणि बर्फानं भरलेली पेटी उचलून उघड्या फाटकाला टेकवली. दोन माणसांचं ओझं होतं ते.

पाच मिनिटांनी ती कोशिंबीर घेऊन आली, तर फाटक मिटलेलं. पेटी हातभर बाजूला सरकलेली आणि धुतलेल्या फरशीवर तिचा ओला ओरखडा.

"पेटी कुणी हलवली?"

"मला खुर्चीतून उठवत नाही, पेटी कुठून हलवू," ग्लेनिस म्हणाली. सगळे हसले.

ड्रूनं पेटी परत लावली. वरून एक लोखंडी खुर्ची ठेवली. "आता कसं मिटतं बघू," तो म्हणाला.

शेजारच्या इर्माबाई मांडवाच्या टोकाला बसल्या होत्या. सत्तरीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी ताटाला हात लावला नव्हता. कोरिन त्यांच्याजवळ वाकली.

"पाणी कसं वाटतं, इर्माबाई?"

"छान आहे," त्या म्हणाल्या. "या घरातल्या आधीच्या बाईचंही असंच असायचं... अगदी असंच." आणि मग फाटकाकडे बघून हळूच, "ती पेटी काढ तिथून."

पण तेवढ्यात ग्लेनिसनं चमच्यानं पेल्यावर टणटण केलं. ती उठून उभी राहिली.

"ऐका. मी या पोरीला म्हणाले होते की हे तुझ्याच्यानं व्हायचं नाही. मी चुकले. या रस्त्यावर असं पाणी कुणाकडे नाही."

टाळ्या पडल्या. कोरिनचं ऊर भरून आलं. डोळ्यांत पाणी आलेलं कुणाला दिसू नये म्हणून ती घाईनं म्हणाली, "थांबा, मी केक घेऊन येते," आणि फाटकाकडे वळली.

मागे टाळ्या चालूच होत्या. म्हणून पेटी घासल्याचा आवाज तिलाच आधी आला. खर्रर्र... सावकाश. लोखंडी खुर्ची आडवी पडली. फाटक येत होतं. वाऱ्याची झुळूकही नव्हती. शेवटच्या वीतभर अंतरात ते थांबलं.

टक.

गजांच्या पलीकडे टिल्डा उभी होती. झोपेतून उठून अनवाणी आलेली. दोन पावलं लवकर आली असती तर आत असती.

कोरिननं खिटी वर ओढली. खिटी उचलली गेली. तिनं फाटक ढकललं. ते हललं नाही. खांदा लावून ढकललं. दोन्ही हातांनी ढकललं. हललं नाही. तिच्याभोवती एकाएकी जुन्या शेवाळाचा वास आला, सहा आठवड्यांपूर्वीचा, कुजका. आणि उन्हात उभ्या असलेल्या तिच्या डाव्या मांडीला गार लागलं.

"ड्रू..." तिनं मागे वळून हाक मारली. "ड्रू, हे उघडत नाहीये."

ड्रू कुंपणावरून उडी मारून पलीकडे गेला. टिल्डाला कडेवर घेतलं आणि एका हातानं फाटक ओढलं. ते बोटानं ओढावं तसं उघडलं.

"अडकलं असेल गं," तो म्हणाला. "उन्हानं फुगतं लोखंड."

कोरिन आतल्या बाजूचे गज बघत होती. दोन गजांवर ओलं होतं, तिच्या कमरेच्या उंचीवर. तिच्याच बाजूनं. ती बघत असताना ते उन्हात वाळून गेलं.

जाताना इर्माबाई दारात थांबल्या.

"त्या आधीच्या बाईचा मुलगा चार वर्षांचा होता," त्या म्हणाल्या. "नाताळचं जेवण होतं. फाटकाला कुंडी लावलेली. तो आईजवळच होता, काठावर."

"मग..."

"आई केक आणायला घरात गेली. दोन मिनिटं." त्यांनी कोरिनच्या सोललेल्या हातावर हात ठेवला. "बाईनं खूप जीव लावला होता गं त्या पाण्याला. तुझ्यासारखाच."

कोरिननं स्वतःला समजावलं. त्या बुडालेल्या पोरानं टिल्डाला आत येऊ दिलं नाही, आपल्यासारखं तिचं होऊ नये म्हणून. तिला त्याची माया आली. संध्याकाळी पंप बंद करताना ती फाटकाबाहेरूनच पुटपुटली, "देव तुझं भलं करो, बाळा."

टिल्डाला निजवताना तिनं विचारलं, "तू घाबरलीस का गं दुपारी?"

"नाही. तो म्हणाला, तू जा घरी."

"कोण?"

"तुझ्याजवळचा. तुझा झगा धरलेला." टिल्डानं जांभई दिली. "तू त्याचं घर साफ केलंस ना, म्हणून तो म्हणाला, आई आता माझी."

कोरिन अंथरुणाच्या कडेला बसून राहिली. फाटक टिल्डाला बाहेर ठेवत नव्हतं. ते कोरिनला आत ठेवत होतं.

सकाळी उठल्याबरोबर तिनं ड्रूला सांगितलं, माती मागव, बुजवून टाकू. ड्रू तिच्याकडे बघतच राहिला. "आईनं आपली चूक कबूल केली त्याच्या दुसऱ्या दिवशी?"

"हो."

खिडकीतून पाणी दिसत होतं. रात्रीत त्यावर एक पान पडलेलं नव्हतं. इतकं निळं की एवढं सगळं होऊनही तिला आतून सुखावल्यासारखं झालं, आणि त्या सुखाचीच तिला भीती वाटली.

दुपारी ती घराच्या पुढच्या दोरीवरचे कपडे काढायला गेली. बेचाळीसचं ऊन. चादरी वाळून पापडासारख्या कडक झाल्या होत्या. टिल्डाचे फ्रॉक, टॉवेल, सगळं खडखडीत. तिचा कालचा सुती झगाही वाळला होता. फक्त डाव्या बाजूला, मांडीशी, मुठीएवढा भाग ओला होता. तिनं तो पिळला, उन्हाकडे धरला, फुंकर घातली, पुन्हा दोरीवर टाकला. तासाभरानं पाहिलं. चारला पाहिलं. दिवस कलताना पाहिलं.

तेवढा भाग तसाच ओला होता, आणि त्यात पाच बारीक चुण्या पडलेल्या होत्या, हातानं सारख्या केल्या तरी पुन्हा पडणाऱ्या.