दहा वर्षांची फळी

आमच्या कारखान्याचा जिना इतका अरुंद होता की वळणावर येण्याआधी हाक द्यायची, असा नियमच होता. त्या दिवशी मी हाक द्यायला विसरले. खांद्यावर लांब फळी घेऊन वळले, आणि तिचं टोक कुणाच्या तरी कपाळावर खाडकन आपटलं.

एक उंच तरुण पायरीवर मटकन बसला. गाल टम्म सुजलेला, आणि आता भुवईवर रक्ताचा थेंब.

"फार लागलं का हो?"

"दातांच्या डॉक्टरांकडे निघालो होतो," तो कपाळ दाबत म्हणाला. "पण दाढ दुखायची थांबली बघा. तुमच्या हाताला गुण आहे!"

मी ओशाळले... आणि हसलेही.

मी तेव्हा व्हायोलिन बनवायला शिकत होते. दातांचे डॉक्टर आमच्या वरच्या मजल्यावर. त्यांनी त्याला सांगितलं होतं की दाढ औषधानं बरी होईल, काढायची गरज नाही. पण या गृहस्थानं हट्टानं ती काढायला लावली. का, तर तेवढ्याच आमच्या जिन्यावरून चार चकरा जास्त! हे मला पुढे डॉक्टरांकडूनच कळलं.

त्याचं काम पुलांची तपासणी करण्याचं. छोट्या हातोडीनं लोखंडी पट्ट्या जोडणारा एकेक रिव्हेट ठोकायचा आणि कान देऊन ऐकायचं. सैल असला तर आवाज बद्द येतो. मीही फळीवर बोटाच्या पेराने ठोकून तेच ऐकायची.

"म्हणजे आपण दोघंही टकटक करून पोट भरतो," तो म्हणाला.

"तुम्ही चुकलात तर पूल पडेल. मी चुकले तर फार तर मास्तर ओरडतील."

"मग तुमचं काम जास्त धोक्याचं," तो कोपऱ्यातल्या मास्तरांकडे बघत हळूच म्हणाला.

मास्तर तिरसट खरे, पण कानाचे पक्के. त्यांच्याकडे एक रीत होती. जो कारागीर कायमचा राहणार, त्यानं कोरी फळी निवडून तिच्यावर आपलं नाव आणि साल लिहायचं. फळी माळ्यावर जायची आणि दहा वर्षं सुकायची. तिचं व्हायोलिन त्यानंच करायचं, दुसऱ्या कुणी नाही.

"सोमवारी नाव लिही," एका मंगळवारी ते मला म्हणाले. "नाहीतर तसं सांग. माझ्या डोळ्यांना आता वाट बघणं जमणार नाही."

घरी सांगितलं तर आई कपाळाला हात लावून बसली. "दहा वर्षं! लाकूड सुकेल गं, पण तोवर पोरगीही सुकेल, त्याचं काय?"

आणि नेमकी त्याच आठवड्यात त्याला बढती आली. दोन दिवसांच्या प्रवासावर, नदी समुद्राला मिळते तिथे नवा पूल होणार होता. चार वर्षांचं काम. हो की नाही, ते शनिवारी दुपारी बारापर्यंत कळवायचं.

"असा पूल एकदाच मिळतो," तो म्हणाला... आणि मग जमिनीकडे बघत राहिला. चार दिवस मला अन्न गोड लागलं नाही. त्याला थांब म्हणावं की जा म्हणावं? आणि मी? मी फळी सोडून त्याच्या मागे जावं?

शनिवारी अकरा वाजता तो हसत आत आला.

"नाही म्हणून लिहिलं! पत्र आत्ताच कचेरीत देऊन आलो. तू खुशाल नाव लिही. मी इथेच राहतो."

दुसरी कुणी असती तर आनंदानं रडली असती. माझ्या हातातला सरसाचा ब्रश तसाच थांबला. माझ्या वडिलांनी आमच्यासाठी जहाजावरची नोकरी सोडली होती. जेवताना पहिला घास घेतला की ते म्हणायचे, "तुमच्यासाठी मी समुद्र सोडला." रोज. आई खाली मान घालून वाढत राहायची.

"मला विचारलंस?" रागाच्या भरात मी पहिल्यांदाच त्याला अरे-तुरे केलं.

"अगं, तुझ्यासाठीच—"

"तेच नकोय मला! आज हसतोयस. दहा वर्षांनी जेवताना हेच ऐकवशील, आणि मी मान खाली घालून बसेन."

त्याचा चेहरा उतरला. "मग काय करू? जाऊ? मी नकोच आहे म्हणतेस तुला?"

"तू हवा आहेस. तुझ्या पुलासकट हवा आहेस. चल!"

मी तशीच निघाले, अंगावर एप्रन, बोटांना सरस. मागून मास्तर ओरडले, "भांडं विस्तवावर आहे!" पण आम्ही रस्त्यावर होतो. कचेरीचे दोन जिने चढलो तेव्हा बाराला सात मिनिटं होती. हेडक्लार्क एकेक पाकीट सुरीनं फाडत होते, अगदी सावकाश. त्याचं पाकीट गठ्ठ्यात वरून तिसरं...

"साहेब, ते पत्र परत हवंय," तो धापा टाकत म्हणाला.

"आलेलं पत्र परत देत नाहीत." सुरी दुसऱ्या पाकिटावर गेली. "आणि या कोण?"

माझ्याकडे बघायची त्याची हिंमत होईना.

"मी यांची होणारी बायको," मी म्हणाले. माझाच आवाज मला परका वाटला. "पण हे पूल बांधून येणार आहेत. मी थांबणार आहे."

हेडक्लार्कनी चष्म्यावरून माझे सरसाचे हात पाहिले, आणि तिसरं पाकीट बोटानं पुढे सरकवलं. "घ्या. मला काही दिसलं नाही." बाराच्या आत त्यानं त्याच टेबलावर 'हो' लिहून दिलं.

सोमवारी मी फळीवर नाव लिहिलं. संध्याकाळी तो गेला.

सोपं नव्हतं हो. लग्नानंतरही दर तीन महिन्यांनी आठ दिवस, एवढाच संसार. लेक झाली तेव्हा हे तीन दिवस उशिरा पोचले. मी दोन दिवस बोलले नाही. चार वर्षांनी यांनी इथल्या पुलांची तपासणी मागून घेतली. दहाव्या वर्षी माळ्यावरून फळी यांनीच उतरवली, या खेपेला हाक देऊन.

आता यांच्या भुवईवरची खूण सुरकुतीत हरवली आहे. परवा जेवताना हे एकदम म्हणाले, "तुझ्यासाठी मी एक गोष्ट मात्र सोडली हं."

माझा घास हातातच राहिला. इतक्या वर्षांत एकदाही नाही, आणि आज?

"कोणती?"

"दाढ," हे म्हणाले. "चांगली होती गं."