टेकडीवरचं पाणी

"आजोबा, गावाचा इतिहास सांगा. भुतं नकोत," हेस्टर म्हणाली. उद्याच्या होड्यांच्या शर्यतीच्या पुस्तिकेत तिला एक पान भरायचं होतं. टेम्सकाठच्या होडीघरात एकच दिवा होता. तिचा भाऊ पर्सी हसला. "ती तर हमखास येणार."

म्हातारा अल्बन हसला नाही. "माझ्या ओळखीचा एक होता. डेनिस म्हणू. सतरा जून दोन हजार अकरा. शुक्रवार, रात्रीचे अकरा दहा. शर्यतीचा मार्ग दाखवणारी तरंगती पिंपं दोरांनी बांधायला तो होडी घेऊन निघाला. नदीच्या मधोमध आपली हद्द संपते. बुडालेला माणूस ज्या काठाला लागेल, त्याच गावानं त्याला पुरायचं, असा जुना रिवाज. म्हणून आपली माणसं काठीनं त्याला पलीकडे ढकलायची."

"छान गाव आहे आपलं," हेस्टर म्हणाली. "हेच छापते."

अल्बनला तिच्याकडे बघवेना.

"पाण्यात कोणीतरी पालथं पडलेलं दिसलं. डेनिसच्या मनात आलं, पोलीस येणार, शर्यत रद्द होणार. त्यानं आकड्याची काठी लावली. ढकललं. काठी... ओढली गेली. त्या माणसानं ती धरली होती."

पर्सीचं हसू गेलं.

"जिवंत होता?"

"...हो."

"मग?"

"डेनिसनं काठी हिसकावली."

"घाबरून?"

"असं म्हणायला बरं वाटतं... मला."

नदीचा आवाज तेवढा येत होता.

"पोलिसांना सांगितलंत?" हेस्टरनं विचारलं. आता ती डेनिसचं नाव घेत नव्हती.

"नाही."

"चौदा वर्षं?"

"शर्यत झाली. सोमवारी तो पलीकडे सापडला. तिकडच्या गावानं पुरला. नाव कळलंच नाही." अल्बन सांगत राहिला. "पुढच्या वर्षी, शर्यतीच्या आदल्या रात्री, आपल्या चर्चच्या आवारात जमीन खचली. माणसाच्या लांबीची. मी माती भरली. दर वर्षी भरतो. दर वर्षी खचते."

"आज आदली रात्र आहे," पर्सी म्हणाला.

हेस्टर उठली. "चला. उद्या सकाळी पोलिसांकडे जायचं, पण आधी हे मला दाखवा."

"पोरी..."

"चला, आजोबा."

ते टेकडी चढून चर्चच्या आवारात गेले. नदी शंभर फूट खाली राहिली. महिनाभर पाऊस नव्हता. गवत पायाखाली करकरत होतं.

खड्डा होता. काठोकाठ भरलेला.

पर्सीनं बॅटरी धरली. पाण्यावर एक पान तरंगत होतं. ते या कडेपासून त्या कडेला गेलं... मातीत शिरलं... दिसेनासं झालं. मागून दुसरं आलं.

खड्ड्यातलं पाणी वाहत होतं.