बोटीच्या शेडमागचं डबकं

"उनाइसी, पुन्हा गेली!" केलेपी धापा टाकत पायरीशी थांबला. "पहाटे मासळीचा फ्रीज बंद! सगळे मासे मऊ पडलेत!"

उनाइसीच्या हातातला कसाव्याचा उकडलेला कंद तसाच राहिला. नाताळच्या सुट्टीत दोघं मोठ्या बेटावरच्या शाळेतून घरी आली, त्याला आठवडाच झाला होता. तेवढ्यात वीज जायची ही तिसरी खेप!

दोघं पळत विजेच्या खोलीवर पोचली. दारात गर्दी जमली होती आणि मधोमध उनाइसीची लोसालिनी आत्या मान खाली घालून उभी होती. सहा महिने परदेशात राहून ती सौरविजेचं काम शिकून आली होती. गावाची सौरपॅनेलं, बॅटऱ्या, सगळं तीच सांभाळायची.

"मी आधीच म्हटलं होतं!" केलेपीचे बाबा, जेमेसा, सगळ्यांत मोठ्यानं बोलत होते. "बाईमाणसाचं काम आहे का हे?"

नर्सबाई हळूच म्हणाल्या, "लोसालिनी, सोमवारच्या बोटीनं बाळांच्या लसी येताहेत. विजेचा भरवसा नसेल तर मला त्या परत पाठवाव्या लागतील."

गावप्रमुख इसिकेली घसा खाकरून म्हणाले, "शनिवारी सभा घेऊ. खोलीची किल्ली कुणाकडे द्यायची, ते तेव्हा ठरवू."

गर्दी पांगल्यावर आत्या मटकन खाली बसली. "ऊन आग ओकतंय, पॅनेलं मी रोज पुसते, तरी दुपारनंतर बॅटरी भरतच नाही. मग रात्रभर पुरणार कशी? माझंच काहीतरी चुकत असेल गं."

"अजिबात नाही!" उनाइसी ताडकन म्हणाली. "कुणीतरी वीज खातंय!"

"वीज काय केळी आहे खायला?" केलेपी हसला. पण निघाला तिच्याबरोबर.

दुपारी दोघांनी सगळा गाव पालथा घातला. घराघरांत एकेक दिवा, चर्चमध्ये दोन. कुठंच काही नाही! शेवटी ती किनाऱ्यावर बोटीच्या शेडपाशी आली. आतून हातोडीचा आवाज येत होता. ठक... ठक... आणि बऱ्याच वेळानं पुन्हा ठक.

"गावातले पुरुष पंधरा दिवस बोट दुरुस्त करताहेत म्हणे," केलेपी म्हणाला. "बाबा जेवले की लगेच इकडे पळतात."

"ए, त्या कोंबड्या बघ!"

शेडच्या मागं पाच-सहा कोंबड्या वाळूतल्या डबक्यावर तुटून पडल्या होत्या. एरवी बेटावर नोव्हेंबरातच पावसाळा सुरू व्हायचा, पण यंदा डिसेंबर उलटत आला तरी पावसाचा थेंब नव्हता. मग हे पाणी कुठलं? उनाइसीनं बोट बुडवून चाखलं.

"शी! काय करतेस?"

"खारट नाही! समुद्राचं नाही हे!"

डबक्याच्या वर भिंतीला नारळाच्या झावळ्या टेकवल्या होत्या. केलेपीनं एक बाजूला सारली. भिंतीतून एक नळी आली होती आणि तिच्यातून टप टप पाणी गळत होतं. शेजारून एक काळी वायर विजेच्या खोलीच्या दिशेनं वाळूत शिरली होती. त्यानं फळीच्या फटीला डोळा लावला आणि तोंडावर हात दाबून मागं सरकला.

"अगं, एसी! बंद पडलेल्या हॉटेलातला तो जुना एसी! आठ जण घोरताहेत. बाबांनी तर गोधडी घेतलीय! फक्त सेरू काका पडल्या पडल्या फळीवर हातोडी मारतोय!"

"प्रमुखांना सांगू या?"

"ते मधोमधच झोपलेत!"

उनाइसीचे डोळे चमकले. "केलेपी, बायका मासेमारीहून आल्या असतील ना? चल!"

अर्ध्या तासात बारा बायका माशांच्या टोपल्या घेऊन शेडसमोर हजर झाल्या. त्यांच्यामागं आत्याही होती. केलेपीच्या आईनं धाडकन दार उघडलं. थंडगार झोत बाहेर आला.

"काय हो, बोट कुठवर आली?" ती गोड आवाजात म्हणाली. "फ्रीज रात्री बंद पडतो ना, मासे इथंच ठेवते. तुमच्या उशाशी!"

जेमेसा गोधडीसकट उठून बसले. एक टोपली थेट त्यांच्या मांडीवर आली!

"अगं, पण... सूर्य काय संपतोय थोडाच?" ते पुटपुटले.

"सूर्य नाही संपत, जेमेसादादा. बॅटरी संपते," आत्या दारातून म्हणाली. "तुमच्या एसीत जाते ती वीज फ्रीजची आहे. बाळांच्या लसींची आहे."

सेरू काकानं हातोडी हळूच पाठीमागं लपवली आणि तेवढ्यानं बायकांना हसू फुटलं. हसता हसता केलेपीची आई वाळूत बसली.

त्याच संध्याकाळी एसी निघाला. शनिवारची सभाही झाली, पण वेगळीच. प्रमुख इसिकेली चटईवर आत्यासमोर गुडघे टेकून बसले आणि माफी मागताना द्यायचं यांगोना झुडपाचं मोठं मूळ त्यांनी तिच्यापुढं ठेवलं. "चूक आमची होती आणि बोलणी तू खाल्लीस. आम्हाला माफ कर."

आत्यानं रीतीप्रमाणे टाळ्या वाजवून ते स्वीकारलं. तिचे डोळे भरून आले होते. किल्ली तिच्याकडेच राहिली आणि नर्सबाईंनी लसींसाठी दवाखान्यातल्या फ्रीजचा खण पुसून ठेवला.

"आणि ही दोन पोरं!" प्रमुखांनी दोघांना जवळ ओढलं. "सगळ्या गावाला जे दिसलं नाही, ते यांनी शोधलं. शाबास रे!"

जेमेसांनी केलेपीच्या डोक्यावर टपली मारली आणि हात तिथंच राहू दिला. "लोसालिनी, सुट्टी संपेपर्यंत यांना तुझं काम शिकव. जमलं तर... मलाही."

"उद्या सकाळी सहाला या," आत्या म्हणाली. "आणि दादा, येताना झाडू आणा. सुरुवात झाडण्यापासून असते!"