कबूल केलेली करणी

माणिकच्या हातातला अडकित्ता मिटला, लिंबाची दोन शकलं परातीतल्या पाण्यात पडली... आणि मागून कुंदाची किंकाळी आली!

"आई, धावा! जाऊबाई माझ्या मार्तंडवर लिंबू कापतायत!"

मुलुंडच्या त्या घरात नुकतीच दिवेलागण झाली होती. तीन वर्षांचा मार्तंड तापाने फणफणून खाटेवर पडला होता आणि त्याच्या उशाशी पांढऱ्या लुगड्यातली त्याची मोठी काकू उभी होती. सासूबाई विहिरीवरून ओल्या पायांनी धावत आल्या. त्यांची नजर परातीवर गेली आणि त्यांचा चेहरा काळाठिक्कर पडला.

"माझो अनंत खाल्लंस, आता ह्या पोराक पण खाणार गो?"

माणिकने अडकित्ता मुठीत आवळला. कसं सांगायचं यांना? सिलोनच्या डोंगरातल्या तिच्या गावी लिंबू कापतात ते बाधा उतरवण्यासाठी! तिची आई अशीच आजाऱ्याच्या डोक्यापासून पायापर्यंत लिंबं कापत जायची, 'ॲसवह', डोळ्यांचं विष, पाण्यात उतरवायची. तिथे जे अमृत, तेच इथे विष!

आणि एवढंच का उलटं झालं होतं? कोलंबोच्या चहाच्या कंपनीत नोकरीला गेलेल्या या घरच्या थोरल्या मुलाचा, अनंतचा हात धरून ती समुद्र ओलांडून आली तेव्हा तिच्या पेटीत एक शुभ्र वस्त्र होतं, पौर्णिमेला विहारात जाताना नेसायचं, मंगल, पवित्र! दोन वर्षांत अनंत गेला आणि तेच पांढरं तिच्या अंगावर रोजचं झालं... अशुभ म्हणून. ती चुलीवर नारळाच्या दुधातली भाजी करायची विसरली, मनातल्या मनात आपल्या भाषेत बोलायचीही विसरू लागली. पण अनंतने शेवटच्या श्वासाला "आईला सोडू नकोस" म्हटलं होतं, आणि ती राहिली.

परवाच वैशाखी पौर्णिमा झाली. बुद्धाच्या निर्वाणाला अडीच हजार वर्षं झाली म्हणून सारं सिलोन कागदी कंदिलांनी उजळलं होतं म्हणे! तिने मागल्या दारी एकच पणती लावली, हात जोडून 'पिरित', संकट टाळणारी बुद्धवचनं, पुटपुटली. दुसऱ्या दिवशी मार्तंडला ताप चढला. गल्लीतल्या बायकांनी दोन्ही गोष्टींची गाठ घातली. गोवंडीचा भगत येऊन अंगारा देऊन गेला, जाताना म्हणाला, "नजर घरातलीच आहे."

डॉक्टर तर आधीच सांगून गेले होते, "पोराला इस्पितळात न्या." पण सासूबाईंनी दार अडवलं होतं. "माझा एक मुलगा चालत गेला इस्पितळात, तो परत आला नाही. हा जाणार नाही!" त्यांच्यापुढे मार्तंडच्या बापाची, धाकट्या श्यामसुंदरची काय बिशाद!

मार्तंडचा श्वास अडकला. घशातून करवतीसारखा आवाज आला. माणिकने झटकन त्याचं तोंड उघडलं, समईच्या उजेडात वाकून पाहिलं. घशात पांढरट, करडा पडदा साकळला होता!

हा पडदा तिने पाहिला होता. तिच्या धाकट्या भावाच्या घशात. तेव्हा गावाने अंगणात ढोल बडवले, रोगाच्या राक्षसांचे मुखवटे घालून माणसं नाचली, धूप जळला... आणि ढोल थांबले तेव्हा आईच्या मांडीवरचं ते पोर थंड पडलं होतं. आज तिनेही तेच केलं! भीतीने, प्रेमाने, आईचीच वाट धरली. हातातला अडकित्ता तिने भिरकावून दिला.

"आई, याला घटसर्प झालाय! याला आत्ताच्या आत्ता इस्पितळात..."

"तुझं तोंड बंद कर, चेटकिणी!"

त्या शब्दासरशी माणिकच्या मनात काहीतरी लख्ख झालं. यांना रोग दिसणार नाही. पण करणी दिसते ना? मग करणीच दाखवायची! ती ताठ उभी राहिली. दारात गल्ली जमली होती. साऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली,

"हो. मीच केली करणी."

दारातल्या बायका दोन पावलं मागे सरल्या.

"माझी कूस रिकामी, म्हणून केली! ती या उंबऱ्याच्या आत बांधली आहे. पोर इथे राहिलं तर मरेल. माझ्या सावलीपासून दूर न्या, शीवची खाडी ओलांडा, मुंबईच्या साथीच्या इस्पितळात नेऊन टाका. तिथे ती पोचत नाही. धावा!"

मग कोण थांबतंय! श्यामसुंदरने नाक्यावरून मोटार आणली. कुंदाने पोराला छातीशी कवटाळलं. ती आत बसत असताना माणिक तिच्या कानाशी वाकली, "आधी घसा दाखव गं... आधी घसा!"

मोटार दिसेनाशी झाली. माणिक वळली, तर सासूबाईंनी तिची पेटी रस्त्यावर फेकली होती. कुणीतरी थुंकलं. कुणीतरी दगड उचलला. तिने पदर डोक्यावरून ओढला आणि खाली मान घालून ती चालू लागली.

इस्पितळात कुंदा वेड्यासारखी एकच म्हणत राहिली, "घसा बघा!" इंजेक्शन टोचलं गेलं, दोन दिवस मृत्यू खाटेभोवती घुटमळला आणि मार्तंडने डोळे उघडले. "वेळेवर आणलंत," डॉक्टर म्हणाले. आणि ते शब्द कुणाचे, हे कुंदाला आठवलं. जिला पोर मारायचं होतं, तिने घसा दाखवायला का सांगितलं?

पोर घरी आल्यावर तिने सासूबाईंना सारं सांगितलं. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. सकाळी लुगडं बदलून म्हणाल्या, "खंय असा ती?"

श्यामसुंदरने शोध काढला; माणिक कुर्ल्याला होती, अनंतच्या मित्राची विधवा मालन, तिच्याकडे पापड लाटत. दारात सासूबाईंना पाहून ती भिंतीला टेकली.

"खोटं का बोललीस गो?"

"खरं तुम्ही ऐकलं नसतंत, आई..."

त्या मटकन खाली बसल्या, ऊर फुटून रडल्या. "चल घरी!"

"नको, आई. साऱ्यांसमोर कबूल केलंय मी. उद्या गल्लीत कुणाचंही पोर खोकलं, तरी..."

"चल म्हणते ना!"

मुलुंडला गल्लीच्या तोंडाशी नळावर बायका होत्या. माणिकला पाहताच हंडे थबकले. एकीने आपलं लेकरू पदराखाली ओढलं. सासूबाई तिथेच थांबल्या. आयुष्यात कुणापुढे न वाकलेल्या त्या बाईने हात जोडले.

"ऐका गो साऱ्या! माझ्या सुनेनं करणी केली नाही. खोटं बोलली ती, माझ्या नातवाच्या जिवासाठी. चेटकीण म्हणायचं तर मला म्हणा... पोराचा गळा मी धरून बसले होते!"

हंडे पुन्हा नळाखाली गेले. पदराखालचं ते लेकरू पदराखालीच राहिलं. माणिकने ते पाहिलं, आणि तिला कळलं, काही दारं आता जन्मभर बंदच राहणार.

इतक्यात कुंदा पुढे आली. भर रस्त्यात, साऱ्यांच्या डोळ्यांदेखत, तिने कडेवरचा मार्तंड उचलून माणिकच्या हातांत दिला.

"धरा, जाऊबाई. माझे हात भरून आलेत."

अजून अशक्त असलेल्या त्या पोराने काकूच्या खांद्यावर मान टाकली. माणिकने त्याला घट्ट धरलं आणि सासूच्या मागोमाग ती घराकडे चालू लागली.