सहाव्या खड्ड्यातली माती

सहाव्या खड्ड्याचा रिपोर्ट वाचला आणि शाहीन खुर्चीतून उठलीच. मातीत शिसं जवळजवळ नाहीच!

सिरसाळ्याजवळच्या त्या कारखान्यात जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायचे. बंद पडून बारा वर्षं झाली. आता तिथं सूतगिरणी काढायची, म्हणून जमीन तपासायचं काम बीडच्या शाहीनकडं आलं होतं. पाच खड्ड्यांत शिसं सापडलं आणि नेमका भट्टीमागचा सहावा खड्डा धुतल्या तांदळासारखा? तिथं तर गवताची काडी उगवत नव्हती!

तिनं पिशवीत उरलेली माती कागदावर पसरली. चुन्याचे पापुद्रे, कडब्याचा भुसा आणि चिमूटभर कुंकू.

माती बदलली होती, आणि चूक तिचीही होती. माती काढली त्या दिवशी गाडी पंक्चर झाली, तेव्हा पिशव्या कारखान्याच्या चौकीत ठेवून ती सिरसाळ्याला मुक्कामी गेली. तोंडाला नुसती सुतळी बांधलेली. एवढी शिकलेली बाई, पण सील लावायचा कंटाळा केला!

शनिवारी ती पुन्हा निघाली. गाव ऊसतोडीला गेलेलं, दारोदार कुलपं. एक कुत्रं तेवढं मागं आलं, तेही वेशीपर्यंतच. तिला फार एकटं वाटलं.

कारखान्याच्या फाटकाशी ठेकेदार बंकट होता. गिरणीचं बांधकाम त्यालाच मिळणार होतं.

"चौकीच्या चाव्या किती?"

"दोन. एक माझ्याकडं, एक वॉचमन नाथामामाकडं. कावून इचारता?"

"त्या दिवशी मी गेल्यावर चौकीत आला होता?"

"आलतो की, कुदळी ठेवायला. माझ्यावर शक हाय का म्याडम?"

"तुमची शेती आहे?"

"हाय, पर पडीक. औंदा येळवशीची शेतपूजासुदिक केली न्हाई. माणसं कुठं हायत? सगळ्या शिवारात एकच कडब्याची कोप दिसली."

चौकीत म्हातारा नाथा एकटाच बसला होता. तिला बघून त्याचा चेहरा खुलला.

"या बाई! त्या दिवशी दिलेले बाजरीचे उंडे आवडले का?"

"लई आवडले, मामा. मुलगा काय म्हणतो?"

"अंगद म्हनतो, गिरणी होत आसंल तर बायकू-पोरीला घिऊन येतो. न्हाईतर कोल्हापूरकडंच पोरीला शाळंत घालतो, कायमचं. उद्या सांगायचंय त्याला." म्हाताऱ्यानं डोळे पुसले. "नात आली तर घर बोलंल, बाई. चार महिनं झालं, भिंतींसंगं बोलतोय."

शाहीननं त्याला पाण्याचा तांब्या दिला. पण काम ते काम. तिनं त्याला आणि कुदळ घेऊन बंकटला सहाव्या खड्ड्याशी नेलं.

"सहाव्या पिशवीतली माती कुणीतरी बदलली. ती शेतातली आहे. तीही साध्या बांधावरची नाही. येळवशीला शेतात कडब्याची कोप करतात, पाच दगड चुन्यानं रंगवून पांडव मांडतात, कुंकू वाहतात. ही माती त्या पांडवांच्या पायाची आहे. बंकटरावांना माती बदलायची असती, तर वाटेवरची कुठलीही उचलली असती. आणि यंदा त्यांनी येळवस केलीच नाही. शिवारात कोप एकच होती. मला येळवशीचे बाजरीचे उंडे कुणी दिले, मामा?"

नाथा मटकन खाली बसला.

"गिरणी व्हावी म्हनून मीच बदलली. हितं गवत उगवत न्हाई, म्हनलं हीच तेवढी खराब आसंल. देवापशी पाप करायचं तर माती तरी चांगली द्यावी म्हनलं. मातीनं काय व्हतंय, बाई?"

"शिसं लेकरांच्या अंगात जातं, मामा. धुळीत खेळलं आणि हात तोंडात घातला, तरी पुरे. डोकं मंद होतं, लवकर कळतसुद्धा नाही. तुमची नात इथंच खेळली असती ना?"

नाथानं मातीचे हात धोतराला पुसले.

"मग गिरणी न्हाईच का?"

"होईल. पण आधी ही माती उचलून न्यावी लागेल. तीन वर्षं तरी जातील. आणि रिपोर्टात मला खरं लिहावं लागेल."

"लिवा."

त्यानं खिशातून मोबाइल काढला.

"अंगद, पोरीचं नाव तिकडंच घाल. हां, आजच सांगतो. हिकडं आणू नगं तिला." पलीकडून काहीतरी विचारलं असावं. "मी? मला काय धाड भरली! झकास हाय. लई माणसं हायत हितं."

फोन ठेवून म्हातारा कसाबसा उठला आणि त्यानं बंकटच्या हातातली कुदळ घेतली.

"तपासायला माती परत काढायची ना, बाई? सरका जरा," तो म्हणाला, आणि एकटाच खणायला लागला.