हाकेचं नाव

सहलीची यादी करायला हिल्दुर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते. जूनचा पहिला आठवडा. उत्तर ध्रुवाजवळच्या आकुरेरी गावात या दिवसांत रात्र फक्त घड्याळात होते. बाहेर पाहावं तर चोवीस तास लख्ख उजेड, समोरच्या डोंगरावर उरलासुरला बर्फ आणि खाली खाडीचं शांत पाणी. अशा उजेडात कोणी भुताखेताची गोष्ट सुरू केली तर ऐकणाऱ्याला हसूच यायचं. हिल्दुरलाही आलं असतं. गावच्या पोहण्याच्या तलावावर ती जीवरक्षक होती. अकरा वर्षं पाण्यातल्या पोरांवर डोळा ठेवण्यात गेलेली. जे डोळ्यांना दिसत नाही त्याच्याशी तिचं देणंघेणं नव्हतं.

तिचा नवरा कौरी अंगणात घडीच्या तंबूचा गाडा काढून त्याच्या चाकांत हवा भरत होता आणि खिडकीतून हुकूम सोडत होता.

"सुकी मासळी लिही! लोणी लिही! धुरावलेलं मांस लिही!"

"म्हणजे सगळी तुझ्याच पोटाची सोय. पोरीचं काय?"

"पोरीला क्लेनुर तळ. हल्ली तळतच नाहीस."

क्लेनुर म्हणजे आपल्या शंकरपाळ्याची थोरली बहीण, पोटातून पीळ घातलेली. हिल्दुरने ती लिहिली. रेनकोट लिहिले, लोकरीचे मोजे लिहिले, दोन रात्रींच्या तळांचे फोन नंबर लिहिले. जायचं होतं पार दक्षिणेला, रेनिसफ्यारा नावाच्या काळ्या वाळूच्या किनाऱ्यावर. सगळ्या जगातून लोक तिथे येतात आणि आपण इथले असून अजून पाहिला नाही, असं कौरी दर उन्हाळ्यात म्हणायचा. या वर्षी त्यांच्या सोल्वेगने हट्टच धरला होता. सोल्वेग सहा वर्षांची, पुढचा एक दात पडलेला. शाळेत तिला त्या किनाऱ्याची फिल्म दाखवली होती. तेव्हापासून ती उभ्या दगडी खांबांची आणि समुद्रात थिजलेल्या राक्षसांची चित्रं काढत सुटली होती. आताही शेजारी बसून तेच चाललं होतं.

"आई, तिथे पाण्याकडे पाठ करायची नाही हं."

"शहाणी गं माझी. बाईंनी सांगितलं ना?"

"नाही. तिनं."

"तिनं म्हणजे कुणी?"

सोल्वेगने काळ्या पेन्सिलीला टोक काढलं. "तिला नाव नाही. तू ठेवलं नाहीस म्हणते."

हिल्दुरने वर पाहिलं. पोर चित्रात गढून गेली होती. बाहेर कौरीचा पंप फसफसत होता. हिल्दुरला मात्र सात वर्षांमागचं ते एक स्वप्न आठवलं. सोल्वेग पोटात होती तेव्हाची गोष्ट. याच स्वयंपाकघराच्या दारात एक मुलगी येऊन उभी राहिली होती. अंग चिंब, डोक्यावर एकच वेणी, दुसऱ्या बाजूचे केस मोकळे. बोलली नाही. नुसती वाट बघत उभी. असं तीनदा झालं. कौरीला सांगितलं तर तो म्हणाला, "उभी राहते ना? राहू दे. भाडं तर मागत नाही!" मग दोघांनी मिळून आपल्याला आवडेल ते नाव पोरीला ठेवलं होतं.

*

गावची चावडी म्हणजे तलावाच्या कडेचं गरम पाण्याचं कुंड. सकाळी सात वाजता म्हातारी मंडळी त्यात गळ्यापर्यंत बसून जगाचा निकाल लावतात. कौरीची थोरली आत्या, ओद्नी, त्यात ठरलेल्या कोपऱ्यात असायची. ऐंशीची बाई, पण जीभ विशीतली. दुसऱ्या दिवशी बाकीचे उठून गेल्यावर हिल्दुर काठावर बसली, पाय पाण्यात सोडले आणि तिला सगळं सांगितलं. आत्या थट्टा करेल अशीच तिची अपेक्षा होती.

ओद्नी आत्याने थट्टा केली नाही.

"वेणी एकच होती म्हणतेस?"

"एकच."

"उजवी."

"हो… तुला कसं कळलं?"

"मीच घालत होते ना त्या सकाळी." आत्याने ओल्या हाताने तोंड पुसलं. "मी दहा वर्षांची, ऊना सात. धाकटी बहीण माझी. आम्ही तेव्हा दक्षिणेला राहायचो, त्याच किनाऱ्याच्या वर. बाबा वाहून आलेलं लाकूड गोळा करायला निघाले होते. त्यांनी हाक मारली, तशी ही अर्ध्या केसांनी उठून पळाली. लाट आली तेव्हा बाबांच्या हातात मोठा ओंडका होता. त्यांनी तो सोडायला एक क्षण उशीर केला. एकच क्षण गं… सापडली नाही ती. पुढच्या वसंतात बाबांनी गुरं विकली आणि आम्हाला इथे उत्तरेला आणलं. घरात त्या जागेचं नाव काढायची सोय नव्हती. कौरीच्या बापाला तर नीटसं माहीतही नव्हतं."

कुंडात गरम पाणी येत होतं. गंधकाचा तो कुजकट वास रोजचाच, पण हिल्दुरला त्या दिवशी तो सोसेना.

"गरोदर बाईच्या स्वप्नात मेलेलं माणूस येतं ते नाव मागायला," आत्या म्हणाली. "एवढं आमच्या वेळी शेंबड्या पोरालाही माहीत होतं. रिकाम्या हाताने परत धाडत नाहीत त्यांना. तुम्ही शिकलेली माणसं…"

"मग आता? सहल रद्द करू?"

"करून काय? ती इथवर आलीच आहे की. नाव देऊन टाक. सोल्वेगच्या नावाला जोड. पण मागे जोड हं, हिल्दुर. सोल्वेग ऊना. पुढचं नाव हाकेचं. आपल्याला आडनाव नाही, घराणं नाही. ज्या नावाने हाक मारायची तेवढंच माणूस."

हिल्दुरचा यावर विश्वास बसला का? म्हटलं तर बसला, म्हटलं तर नाही. पण पोटच्या पोरीचा प्रश्न असला की माणूस सगळ्या देवांना नारळ कबूल करतं, तिथलंही आणि आपल्याकडचंही. त्या दुपारी कामाच्या दोन पाळ्यांमधल्या वेळात तिने कचेरीच्या संगणकावर नाव बदलायचा अर्ज भरला. दोनदा वाचला आणि पाठवला.

आठवड्याने नोंदणीचं पत्र आलं. त्यावर लिहिलं होतं: ऊना सोल्वेग कौरादोत्तिर, म्हणजे कौरीची मुलगी.

"बदलात बदल!" कौरी खो खो हसला. "आई एक लिहिते, सरकार दुसरंच वाचतं."

हिल्दुरने आपल्या अर्जाची प्रत काढली. सरकारची चूक नव्हती. तिने स्वतःच तसं भरलं होतं, ऊना आधी आणि सोल्वेग नंतर. आपण असं लिहिलं नाही हे ती शपथेवर सांगू शकली असती. पण प्रत समोर होती. तिने लगेच दुरुस्तीचा अर्ज केला. उत्तर आलं, जुलैअखेरपर्यंत होईल.

"कौरी, सहल ऑगस्टात करू या."

"एका कागदापायी?"

मग तिने त्याला ऊनाची हकीकत सांगितली. कौरी पाना हातात धरून ऐकत राहिला. आपली एक आत्या लहानपणी दक्षिणेत कुठेशी बुडाली, एवढंच त्याच्या कानावर होतं. ऐकून झाल्यावर तो हळू आवाजात म्हणाला, "सत्तर वर्षं आपल्यातलं कोणी तिच्याकडे फिरकलं नाही. मग तर जायलाच पाहिजे."

हिल्दुरने सहलीची यादी पुन्हा पुढे ओढली. सोल्वेग दारात उभी राहून ऐकत होती. "जायचं ना? जायचं ना?" एवढंच तिचं चाललं होतं. गेले दोन दिवस तिला जेवायला तीन-तीनदा बोलवावं लागत होतं. हिल्दुरने ते सहलीच्या आनंदावर ढकललं.

*

किनाऱ्यावर पोचले तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. स्वच्छ ऊन. प्रवाशांच्या दोन बस उभ्या होत्या. पाटीवरचा धोक्याचा दिवा पिवळा होता, म्हणजे जपून जा. काळे गोटे पायांखाली करकरत होते, आणि लाट मागे जाताना हजारो गोटे एकमेकांवर घासून मोठा खरखराट करत. हिल्दुरने पाण्यापासून चाळीस पावलांवर रेघ ओढली आणि कौरीला बजावलं, "हिच्यापुढे एक पाऊल नाही. फोटो गेले खड्ड्यात." सोल्वेगच्या पिवळ्या रेनकोटाची टोपी तिने मुठीत घट्ट धरली होती. लाटांची चाल ती पाठ करत होती, सवयच ती. सहा लहान, एक मोठी. पुन्हा सहा लहान.

मग समुद्र मागे गेला. जरा जास्तच मागे गेला. एवढा तळ उघडा पडला की लोक कौतुकाने "आहाहा" म्हणाले. गोट्यांचा खरखराट थांबला, आणि हिल्दुरला त्या शांततेचा अर्थ लगेच कळला.

"मागे!" ती ओरडली आणि मूठ ओढली. मुठीत टोपी आली. नुसती टोपी. तिची बटणं कॉलरवरून टचाटच सुटली होती. पोर रेघेपलीकडे दहा पावलांवर पोचली होती आणि चालत होती. पळत नव्हती. उजवा हात तिने थोडा बाजूला धरला होता, कोणाचा तरी हात धरून चालावं तसा.

"सोल्वेग!"

ती वळली नाही.

"सोल्वेग! सोल्वेग!" हिल्दुर धावत होती. ओले गोटे पायांखालून निसटत होते, दोन पावलं पुढे आणि एक मागे. मागून कौरीही तेच नाव ओरडत होता. समोर पाणी भिंतीसारखं उठत होतं. पोर ऐकत नव्हती. वाऱ्याने हाक जात नव्हती म्हणावं, तर वारा पाठीकडूनच होता… हिल्दुरच्या लक्षात आलं की आपण चुकीच्या नावाने हाक मारतो आहोत. विचार करायला वेळ नव्हता. कुठल्या आईने केला असता?

"ऊना!"

पोर जागच्या जागी वळली. हसली. आणि हात सोडून, हो, कोणाचा तरी हात सोडून, आईकडे धावत आली.

लाट आली ती हिल्दुरच्या कमरेपर्यंत. कौरीने मागून दोघींना मिठीत धरलं आणि तिघं गोट्यांवर आपटत, खरचटत वर फेकली गेली. पाणी उतरलं. प्रवासी धावत आले, कोणी ब्लँकेट दिलं. हिल्दुर पोरीचे हात, पाय, डोकं चाचपत होती आणि ढसाढसा रडत होती. सगळं जागच्या जागी होतं. पोरीने गार ओला तळवा आईच्या गालावर ठेवला.

"किती वेळ लावलास," ती म्हणाली.

*

परतीच्या वाटेवर कौरी नको इतका बोलत होता. घाबरून सुटलेली माणसं बोलतात तसं. हीटर पूर्ण सोडला होता, काचा धुरकटल्या होत्या. मागच्या सीटवर पोर सुकी मासळी खात होती. एरवी त्या वासानेच नाक मुरडणारी. आता अंगठ्याने लोणी जाडसर फासून तुकड्यामागून तुकडा चघळत होती.

"बघ, बघ," कौरी खूश होऊन म्हणाला. "आमचे आजोबा अगदी असंच लावायचे."

हिल्दुरने डोळे मिटले. मिटले तेवढाच वेळ.

स्वयंपाकघराचं दार. दारात मुलगी उभी होती. पिवळा रेनकोट, त्याला टोपी नाही. केसांतून पाणी टपटपत होतं आणि तिच्या पायांशी लाद्यांवर काळं थारोळं साठत होतं. ती काही बोलली नाही. तोंड थोडं उघडं होतं आणि पुढचा एक दात पडलेला दिसत होता. ती वाट बघत होती. हिल्दुरला उठून तिला छातीशी धरायचं होतं, पण पाय हलेनात…

दचकून ती जागी झाली. गाडीत ऊनच ऊन. हात आपोआप पोटावर गेला होता. या महिन्याची तारीख टळून नऊ दिवस झाले होते. सहलीच्या गडबडीत तिने ते मनावर घेतलं नव्हतं. आता घेतलं.

मागून दोन सीटच्या फटीतून एक तोंड पुढे आलं. मासळीचा आणि समुद्राचा वास.

"आली होती ना?" पोर हळूच म्हणाली. "तीनदा येईल. मग नाही येत. या वेळी दे हं, आई. तिथे फार गार असतं."

कौरीने आरशातून मागे पाहिलं. "काय द्यायचं गं, सोल्वेग?"

पोर मागे टेकून बसली, नवा तुकडा घेतला आणि त्याला लोणी लावू लागली.

"सोल्वेग?" कौरीने पुन्हा हाक मारली.

तिने वर पाहिलं नाही.