नऊ नंबरची केबल

दार लोटून घे गं सेलिन. आणि जेसन, तो मोबाईल उलटा ठेव. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. ही आपल्या होळीतल्या, आपल्याच आळीतल्या पास्कलची गोष्ट आहे, आणि तो अजून आपल्यातच राहतोय.

गेल्या वर्षी बावीस नोव्हेंबर, शनिवार. रात्री पावणेबाराला पास्कल खाडीवरच्या नव्या पुलावर गेला. काम साधं होतं. वाऱ्यानं पुलाच्या केबली थरथरतात. किती, ते कळावं म्हणून त्यांवर वायरलेस सेन्सर बसवलेत. नऊ नंबरचा बिघडलेला होता, त्याच्या बॅटऱ्या काढून आणायच्या, बस्स. रात्री गाड्या कमी, म्हणून ही वेळ.

पण वर्षभर हा गडी नऊ नंबर टाळत होता. त्याच तारखेला, बरोबर एक वर्ष आधी, त्याच्या जोडीनं काम करणारा जेन्सन तिथून पडून मेला होता.

जेन्सन वर दोरांना टांगलेल्या पाळण्यात बसून थरथर कमी करणारे डँपर लावायचा, पास्कल खाली लॅपटॉपवर. कामाआधी जेन्सन केबलवर हातोडीनं तीन ठोके द्यायचा. स्क्रीनवर तीन रेघा उठल्या की पास्कल ओरडायचा, "आलं!" म्हणजे सेन्सर चालू आहे, वारा वाढला तर भोंगा वाजेल, तू निर्धास्त राहा. त्या संध्याकाळी पास्कल मोबाईलवर क्रिकेट बघत होता. शेवटची ओव्हर. ठोके कानावर पडले आणि स्क्रीनकडे न बघताच त्यानं "आलं!" ठोकून दिलं. सेन्सर बंद होता. वारा उठला, भोंगा वाजलाच नाही. चौकशीत मात्र म्हणाला, "वारा वाढतोय म्हणून मी ओरडलो होतो, तोच उतरला नाही."

दर रविवारी चर्चमध्ये मिसेच्या प्रार्थनेनंतर जेन्सनची आई लुसी ह्याचा हात धरायची. "माज्याच पोराची चूक. तुला उगाच तरास झाला रे बाबा." पास्कल हात सोडवून घाईनं घरची वाट धरायचा.

तर त्या रात्री वारा अगदी पडलेला. पास्कलनं सेन्सरची डबी उघडली, बॅटऱ्या खिशात टाकल्या. लॅपटॉप मिटायला वाकला...

टक. टक. टक.

नऊ नंबरवर तीन रेघा.

वर कोणी नाही. पाळणाही नाही. सवयीनं तोंडून निघालं, "आलं..."

टक. टक. टक. जोरात.

"आलं रे... आलं!"

पुन्हा तीन. केबल थरथरायला लागली. तेवढी एकच. मग ठोके थांबले. वर कोणीतरी उत्तराची वाट बघत होतं.

"नाही आलं..." पास्कल रडत खाली बसला. "जेन्सन, मी बघितलंच नव्हतं रे. माझी चूक..."

सगळं शांत.

पहाटे लुसी मिसेला निघाली होती. त्यानं तिला वाटेतच गाठून सगळं सांगितलं. "एक वरस," ती म्हणाली, "एक वरस मी माज्या पोरालाच बोल लावला." आणि त्याचा हात न धरता चर्चकडे गेली.

आठ वाजता इंजिनियर दिपिका मॅडमचा फोन आला. "पास्कल, रात्री केबलवर कोणाला चढवलं होतंस?"

"कोणालाच नाही, मॅडम."

"मग नऊ नंबरची ही शेवटची रेघ कसली? एकदम मोठी, मग हळूहळू विझत गेलेली. केबलवरून माणसाचं वजन उतरलं की अशी येते."

पास्कलनं खिसा चाचपला. दोन्ही बॅटऱ्या तिथेच होत्या.